मिस क्लेमीची नववी रात्र

बफ बे,
५ मार्च १९९१

प्रिय डॉरेट,

ख्रिसमसच्या कार्डाला तू उत्तर दिलं नाहीस म्हणून मी रुसलेली आहे, हे आधी लक्षात घे. तूर्त रुसवा बाजूला ठेवते, कारण काम आहे. पत्र बसवाल्या कीथच्या हाती देतेय. पोस्टाच्या भरवशावर राहिले, तर पत्राच्या आधी मिस अ‍ॅडिनाच तुझ्याकडे येऊन पोचेल.

थट्टा नाही करत. तिला खरंच तुमच्या मनोरुग्णालयात पाठवायचं घाटतंय.

मिस अ‍ॅडिना म्हणजे आमच्या वृद्धाश्रमातल्या टोकाच्या खोलीतली म्हातारी. शाळेत मुलींना शिवण शिकवायची. अजूनही माझ्या युनिफॉर्मची दुमड उलटून बघते आणि नाक मुरडते. तिच्या खोलीत दुसरी होती मिस क्लेमी. तिचा जन्म बाजारात केळी विकण्यात गेला. दोघींचं एका गोष्टीवर पटलं तर शपथ. खिडकी उघडी की बंद, यावरून रोज सकाळ सुरू व्हायची. गेल्या शुक्रवारी मिस क्लेमी गेली. मागे कुणीच नाही. सरकारी खर्चाने दुसऱ्याच दिवशी मातीआड केलं. ना कुणी गाणी म्हटली, ना कुणी अंगणात डोमिनोच्या सोंगट्या आपटल्या, ना कॉफीचं पातेलं चढलं.

तेव्हापासून मिस अ‍ॅडिनाने खोली फिरवायला घेतली. आरशावर चादर टाकली. क्लेमीची गादी भिंतीशी उभी केली. उशी पायथ्याला नेली. रविवारी सकाळी बघतात तर महोगनीचं कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला. आणि दिवेलागणीला रिकाम्या पलंगाशी बोलते, "जा क्लेमी. इथं तुझं काही राहिलं नाही. नीट बघ, ही तुझी खोलीच नव्हे."

तुला आणि मला यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? गेलेल्या माणसाचा आत्मा, त्याचा डपी, नऊ रात्री घरात घुटमळतो. नवव्या रात्री त्याला जेवू घालायचं, गाणी म्हणून निरोप द्यायचा आणि खोलीतलं सामान हलवायचं, म्हणजे परत फिरला तरी त्याला खोली ओळखू येत नाही. सामान खरं तर शेवटी हलवतात. पण मिस अ‍ॅडिना म्हणते, "क्लेमी भारी चिवट. लवकर सुरुवात केलेली बरी." यात वेड कुठं आलं? माझ्या आजीने आजोबांसाठी हेच केलं होतं आणि तिला सगळा गाव शहाणी म्हणायचा.

मेट्रन सॅचवेलबाईंना मात्र हे पटत नाही. त्यांचं चर्च फार कडक. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "नर्स पिनॉक, मीही याच बेटावर वाढलेय. मला नववी रात्र शिकवू नका. दुःख वेगळं आणि हे वेगळं. त्या वयाची बाई एकटीने महोगनीचं कपाट सरकवते, ती ताकद शहाण्या माणसाची नसते."

गुरुवारी डॉक्टर लिन येतात. त्यांनी सही केली की गाडी किंग्स्टनला. आणि इथली खाट रिकामी झाली की लगेच भरते गं. परत यायला जागाच उरत नाही.

तू इतकी वर्षं मानसिक रुग्णांमध्ये काढलीस. मला एक पत्र लिहून दे, की हा शोक आहे, वेड नव्हे. तूही माझ्यासारखीच खालच्या पायरीवरची प्रॅक्टिकल नर्स, पण तुझ्या हॉस्पिटलच्या नावाला वजन आहे. माझं इथं कोण ऐकतं? मला मात्र जराही शंका नाही.

तुझी,
आयोनी

—

किंग्स्टन,
६ मार्च

आयोनी बये,

कार्डावर चिमणी होती. जमैकात बर्फात बसलेली चिमणी पाठवणारीला काय उत्तर देणार? रुसवा सोड.

आता कामाचं. मी पत्र लिहून देणार नाही. जिला मी डोळ्यांनी पाहिलं नाही, तिच्याविषयी डॉक्टरला काय सांगू? आणि खरं सांगते, तुझं पत्र वाचूनही ती मला दिसली नाही. तू काय ठरवलंस ते पानभर कळलं. काय पाहिलंस ते शोधावं लागलं. ट्रेनिंगमधल्या मिसेस ग्रँडिसन आठवतात ना? आपल्याला खाटेशी उभं करायच्या आणि आपण फाडफाड रोगाचं नाव घेतलं की म्हणायच्या, "नाव पळून जात नाही. आधी पेशंट बघा." तू तेव्हाही वर्गात सर्वांत आधी हात वर करायचीस.

मला हे सांग. मिस अ‍ॅडिना तुला ओळखते का, आणि सकाळी जशी ओळखते तशी संध्याकाळीही ओळखते का? बोलता बोलता मधेच हरवते का? नीट खाते का, पाणी पिते का, लघवी होते का, कशी होते? श्वास मोजलास? तापमान घेतलंस? आणि ताप नसला तर लगेच हुश्श करू नकोस. म्हातारं शरीर आतून पेटलेलं असलं तरी कधी कधी बाहेर ऊब लागू देत नाही. माझ्या वॉर्डात डोक्याचं म्हणून पाठवलेल्या किती बाया मूत्राशयाच्या नाहीतर छातीच्या दुखण्याच्या निघतात, ते तू इथं येऊन बघ.

मी असं म्हणत नाही की तुझं चुकलं. नववी रात्र असेलही. पण एका गोष्टीचं कारण सापडलं म्हणून सगळ्याच गोष्टींचं सापडलं असं होत नाही.

आणखी एक. तूच नाताळात लिहिलं होतंस, मिस अ‍ॅडिनाला कमोडवर बसवायला दोघीजणी लागतात. मग महोगनीचं कपाट कुणी सरकवलं?

तुझी,
डॉरेट

—

बफ बे,
११ मार्च

प्रिय डॉरेट,

मी मैत्रिणीला पत्र लिहिलं होतं, परीक्षेचा पेपर सोडवायला मागितला नव्हता. असो. आम्ही गावठी नर्सा, तुम्ही राजधानीतल्या!

आधी चांगली बातमी. वर डोंगरात पाऊस झाला, रस्त्यावर दरड कोसळली आणि गुरुवारी डॉक्टर लिन आलेच नाहीत. आता ते या गुरुवारी येतील. देव मिस अ‍ॅडिनाच्या बाजूने आहे.

आणि शनिवारी आम्ही मिस क्लेमीची नववी रात्र केली. मेट्रनबाई शनिवार-रविवार बहिणीकडे जातात, ते पथ्यावर पडलं. दिवस मावळताच सगळ्या म्हाताऱ्यांना व्हरांड्यात आणून बसवलं. कॉफी केली, मासे तळले, आणि चमचाभर पांढरी रम कुणी आणली ते मी सांगणार नाही. ज्यांना सकाळी स्वतःचं नाव आठवत नाही, त्यांना सगळी भजनं कडव्यांसकट पाठ होती. क्लेमीचं पान खिडकीशी मांडलं. शेवटी मिस अ‍ॅडिनाला दोघींनी धरून उभं केलं, तेव्हा ती म्हणाली, "क्लेमी, तुझ्या घोरण्याशिवाय मला झोप येत नाही. तरी जा." मग मात्र मला स्वयंपाकघरात जावं लागलं. मला रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही, तुला ठाऊक आहे.

आता तुझा पेपर. ताप नाही. रोज बघते. जेवण छान, ताट स्वच्छ परत येतं. पाण्याचा ग्लास मी स्वतःच्या हाताने भरून ठेवते आणि दर वेळी रिकामा होतो. लघवी जरा कमी आणि गडद, पण या वयात कुणाची भरपूर असते? श्वास ठीक.

कालपासून थोडी मंद आहे. शनिवारचा शीण. आज सकाळी मला क्लेमी म्हणून हाक मारली, आम्ही दोघी हसलो, म्हणजे मी हसले. दुपारभर चादरीवरचे धागे वेचत बसली होती. शिवणाच्या बाई त्या, हात स्वस्थ कसे बसणार? मेट्रनबाई म्हणतात, पुन्हा अस्वस्थ झाली तर शांत करायचं इंजेक्शन द्यावं लागेल. मी म्हटलं, काही गरज नाही, दोन दिवसांत खणखणीत होईल.

कपाटाचं काय घेऊन बसलीस? हलवलं, हलवलं.

आयोनी

—

किंग्स्टन,
१२ मार्च

आयोनी,

कीथची बस सुटायच्या आत हे त्याच्या हातात द्यायचंय, म्हणून थोडक्यात.

चादरीवर वेचायला सुटे धागे नसतात. तिला ते दिसतायत.

क्लेमीला निरोप देऊन झाला. तू स्वतः हजर होतीस. मग दुसऱ्या दिवसापासून ती मंद का झाली, तुला क्लेमी का म्हणाली? नववी रात्र संपली, तशी नवव्या रात्रीची सबबही संपली. यापुढचं जे आहे ते दुसरं काहीतरी आहे. कदाचित ते आधीपासूनच होतं आणि आपल्या रीतीच्या आड लपून बसलं होतं. परक्या देशातली नर्स असती तर तिला सगळंच विचित्र वाटलं असतं आणि तिने सगळंच तपासलं असतं. तुला सगळंच ओळखीचं वाटलं, म्हणून तू थांबलीस. तुझ्या जागी मी असते तर मीही थांबले असते.

ग्लास रिकामा होतो, असं तू लिहिलंस. ती पिते, असं लिहिलं नाहीस.

आत्ताच्या आत्ता खुर्ची घेऊन तिच्याशेजारी बस. आपल्या हाताने पाणी दे आणि घोट गळ्याखाली उतरताना बघ. जीभ बघ. लघवी बघ, वास घे. नाडी आणि श्वास मोज, अंदाजाने नको. आणि डॉक्टरने तपासल्याशिवाय ते इंजेक्शन देऊ देऊ नकोस. सुकलेल्या, आजारी म्हाताऱ्या शरीराला ते दिलं तर ती शांत होईल, पण इतकी शांत, की तिच्या दुखण्याची शेवटची खूणही आपल्याला दिसणार नाही.

कपाट तूच हलवलंस. मला पत्रातून दिसतंय. त्या कपाटावरून मेट्रन तिला वेडी ठरवतेय आणि डॉक्टरही ठरवेल. नोकरीची भीती वाटत असणार, मलाही वाटली असती. तरी सांग.

रागाव माझ्यावर, पण नंतर.

डॉरेट

—

बफ बे,
१७ मार्च

प्रिय डॉरेट,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते. पहिल्यांदा वाचलं आणि चिडले. दुसऱ्यांदा चादरीच्या वाक्यापर्यंत आले आणि शेंगा तशाच टाकून उठले.

खुर्ची नेली. मिस अ‍ॅडिना खिडकीकडे तोंड करून पडली होती. ग्लास भरून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, मानेने आभार मानले आणि माझ्या जाण्याची वाट बघत राहिली. मी जाईना.

"नर्स, तुला काही काम नाही का?"

"हेच काम आहे. प्या तुम्ही."

"पाठ कर."

"का?"

"गेलेली माणसं खात-पीत असताना त्यांच्याकडे टक लावून बघू नये. तुझ्या आईने शिकवलं नाही?"

असं म्हणून तिने हात खिडकीबाहेर नेला आणि ग्लास उपडा केला. डॉरेट, मी उठून बाहेर वाकून बघितलं. इथं खाली महिनाभर पाऊस नाही, अंगणातली सगळी झाडं माना टाकून उभी, आणि त्या एका खिडकीखालचं क्रोटन टवटवीत. शेजारच्या गल्लीतलं कुत्रं तिथंच पाय पसरून झोपलेलं, गुबगुबीत. ताटं स्वच्छ का परत येत होती तेही कळलं.

"किती दिवस देताय तिला?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. बाजारात उन्हात बसून बसून तिला फार तहान लागायची. लोक एकदाच पान मांडतात आणि मोकळे होतात. पण तहान काय एकदाच लागते?"

"आणि तुम्ही?"

तिने रिकाम्या ग्लासात वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "क्लेमी, मी जेवले का गं?"

मी हसले नाही या वेळी. जीभ बघितली, टीपकागदासारखी कोरडी. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. नाडी पळत होती. श्वास मोजला, चांगलाच जलद होता. मी तुला 'ठीक' म्हणून लिहिलं होतं ते कशाच्या आधारावर, देव जाणे. कपड्यांना जो वास होता तो मी आठवडाभर जुन्या खोलीचा वास समजत होते. ताप नव्हताच. तू म्हणाली होतीस.

थोडं थोडं पाणी चमच्याने पाजलं आणि प्रत्येक घोटाला तिच्या गळ्याकडे बघत राहिले. मग सोबतच्या मदतनीसबाईला तिथं बसवून मेट्रनबाईंच्या ऑफिसात गेले. त्या इंजेक्शनचीच बाटली कपाटातून काढत होत्या.

म्हटलं, "मेट्रन, मिस अ‍ॅडिना आजारी आहे."

"आठवडाभर मी दुसरं काय म्हणतेय?"

"तुम्ही म्हणत होता ती बदललीय, ते खरं निघालं. मी म्हणत होते ती वेडी नाही, तेही खरं आहे. ती सुकलीय, आणि बहुतेक लघवीत संसर्ग झालाय." जे पाहिलं ते एकामागून एक सांगितलं. ठरवलेलं काही सांगितलं नाही.

त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आणि कपाट? सुकलेली बाई कपाट सरकवते?"

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? या बेटावर नोकरी काय झाडाला लागते? पण आता मागे फिरता येत नव्हतं.

"ते मी सरकवलं. पहिल्या शनिवारी, तुम्ही नसताना. तिने सांगितलं म्हणून."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "नर्स पिनॉक, तुम्ही मला आठवडाभर त्या बाईच्या ताकदीबद्दल बोलू दिलंत?"

"हो."

"मी डॉक्टरांनाही तेच सांगणार होते."

"हो. म्हणूनच आले."

त्यांनी बाटली परत कपाटात ठेवली आणि फोन उचलला. डॉक्टर लिन त्याच संध्याकाळी आले. मला वाटलं होतं झापतील, पण त्यांनी मला एकच विचारलं, "पाणी फेकताना तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी हो म्हटलं. मग ते बराच वेळ तिच्यापाशी बसले, लघवी तपासली, सलाईन लावलं, औषध सुरू केलं. किंग्स्टनचं विचारल्यावर म्हणाले, "आधी हिला भानावर येऊ दे. मग हिलाच विचारू."

पुढचे दोन दिवस कठीण गेले. ती कधी माझी आई झाली, कधी शाळेची हेडबाई झाली, एकदा तर मला वर्गाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती तरी आले. बघते तर मेट्रनबाई स्वतः खुर्चीवर बसून चमच्याने पाणी पाजतायत आणि घोट उतरेपर्यंत चमचा खाली ठेवत नाहीयेत. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "वडील गेले तेव्हा आईने आमच्या घरातले सगळे पलंग फिरवले होते. मी अंधारात भिंतीवर आपटले. कपाळावर अजून खूण आहे." पुढचा चमचा भरत म्हणाल्या, "तुमच्या नावे ताकीद लिहिलीय. कपाटासाठी नाही. गप्प राहिल्यासाठी."

मी सही केली. बरोबर होतं त्यांचं.

काल डॉक्टर आले तेव्हा मिस अ‍ॅडिना उशीला टेकून बसली होती. त्यांनी वार विचारला, तिने सांगितला. मी कोण विचारलं, तर म्हणाली, "आयोनी पिनॉक. हिला सरळ टाका घालता येत नाही." मग त्यांनी विचारलं, "किंग्स्टनच्या हॉस्पिटलात जायचंय का?" ती म्हणाली, "तिथं तुम्हाला पाठवलं तर तुम्ही जाल का, डॉक्टर?" ते मोठ्याने हसले. कागद त्यांनी बॅगेतून काढलाच नाही. मिस अ‍ॅडिना इथंच राहणार आहे.

तू म्हणशील, आता आयोनी शहाणी झाली. डॉरेट, मला वाटायचं की माझा आत्मविश्वास म्हणजे मला माणसं कळतात. मला खरंच कळतात गं, ते काही खोटं नव्हतं. पण कळलं म्हणून बघायचं थांबवलं, की तिथून पुढे आपण त्या माणसाला बघत नाही, आपल्याला कळलेल्यालाच बघत बसतो. हे मला वर्गात कुणी शिकवलं असतं तर मी मान डोलावून सगळ्यांत आधी हात वर केला असता.

आज दुपारी सगळे चर्चला गेले होते. मी तिचे केस विंचरत होते. तिने मधेच माझा हात धरला.

"खरं सांग, नर्स. मी आजारी असताना बडबडत होते ना?"

"थोडंसं."

"क्लेमी खिडकीशी उभी होती. रोज. ते माझ्या आजारातलं होतं, की ती खरंच आली होती?"

माझ्याकडे दोन्ही उत्तरं तयार होती. एक मेट्रनबाईंना पटणारं, एक माझ्या आजीला. फणी खाली ठेवली, खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि बसले.

"कशी दिसत होती?" मी विचारलं.

मिस अ‍ॅडिनाने डोळे बारीक केले. मग अगदी निवांत, शिवणाचं माप सांगावं तसं सांगू लागली, "दमलेली. पण चांगली टोपी घालून आली होती, जांभळी. ती तिने कधी कुणाकडून घेतली, मला काही सांगितलं नाही बघ."

तुझी,
आयोनी